पुरात बुडालेल्या विजेच्या मोटारी : चालू करण्यापूर्वी

पूर ओसरून नदी पुन्हा पात्रात गेली म्हणजे काठावरच्या शेतकऱ्याचे पहिले लक्ष जाते ते उभ्या पिकाकडे आणि दुसरे मोटारीकडे. पीक कुजले असल्यास त्यावर तत्काळ इलाज नसतो. मोटारीवर मात्र असतो, आणि नेमका तोच बहुधा चुकतो. मोटार वर काढावी, दोन दिवस उघड्यावर ठेवावी, फडक्याने पुसावी आणि हाताला कोरडी लागली की वीज येताच बटण दाबावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. बटण दाबताच मोटार क्षणभर घुमते, जळका वास येतो आणि ती वाइंडिंगच्या दुकानाकडे रवाना होते. मग पुराने मोटार जळाली असे म्हटले जाते. वस्तुतः पाण्याने मोटार जळत नाही. वीज बंद असताना बुडालेली मोटार बाहेर निघते तेव्हा पुष्कळ अंशी धडधाकटच असते. ती जळते ती आत ओल असताना वीज सोडल्यामुळे. हा भेद ध्यानात घेतला तर बुडालेल्या मोटारींपैकी बऱ्याच मोटारी नव्याने तार न भरता कामास येऊ शकतात.

तासगाव तालुक्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेचा. तेथील शेतकऱ्यास पुरापेक्षा टँकरची ओळख अधिक. तथापि तालुक्याच्या द्राक्षबागांना मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग कृष्णेचा आहे. काही पाणी ताकारी व म्हैसाळ यांसारख्या शासकीय उपसा योजनांतून येते, तर काही सहकारी व खाजगी उपशांतून, मैलोगणती नळ टाकून आणलेले असते. पूर्वी तासगाव तालुक्यातच गणली जाणारी भिलवडीसारखी नदीकाठची गावे आज पलूस तालुक्यात आहेत. परंतु पाण्याचे नाते तालुक्याच्या सीमेवर थांबत नाही. बाग माळावर कोरडी असते, आणि तिला जगविणारी मोटार काठावर पाण्याखाली असते. सातारा जिल्ह्यात उगम पावून खटाव भागातून खाली येणारी येरळा ही वर्षातील बराच काळ कोरडी दिसणारी नदी. तीसुद्धा परतीच्या पावसात एका रात्रीत दोन्ही काठ भरून वाहू लागते आणि पात्रालगतच्या विहिरींवरील मोटारींना गाठते. पुढे ब्रह्मनाळजवळ ती कृष्णेस मिळते. कृष्णा फुगली असेल तर येरळेचे पाणी तुंबून मागे पसरते.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २००५ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या वर गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर पोहोचले. नदीकाठचा शेतकरी पाणी चढू लागले की मोटारी सोडवून वर नेतो. ही त्याची पिढीजात सावधगिरी आहे. परंतु २०१९ साली ज्या ठिकाणी पाणी येईल असे कोणाच्या मनातही नव्हते तेथे ते आले. वर आणून ठेवलेल्या मोटारी, त्यांचे स्टार्टर, मीटरच्या पेट्या, रोहित्रे, एवढेच नव्हे तर महावितरणची उपकेंद्रेही त्या पाण्यात सापडली.

येथे एक गोष्ट प्रथम सांगणे अगत्याचे आहे. कृष्णेचा मोठा पूर जुलैअखेर ते ऑगस्ट या काळात येतो. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते, आणि बागेला पाण्याची खरी निकड तेव्हापासून लागते. म्हणजे बागाईतदाराच्या हातात बहुधा सहा ते आठ आठवडे असतात. मोटार नीट धुऊन, वाळवून, तपासून घेण्यास आठवडाही पुरतो. दुकानांत गर्दी होते हे खरे. पण ती गर्दी मुख्यतः घाईने जाळलेल्या मोटारींचीच असते. खरी घाई ज्या एका मोटारीची असते ती गावच्या पिण्याच्या पाण्याची. गावपातळीवरील सेवकांनी कारागिराचा पहिला दिवस त्या मोटारीसाठी राखून ठेवावा आणि बाकीच्यांचा क्रम नंतर लावावा.

पाणी उतरताना

पाणी उतरू लागले तरी खांब, ताण, मीटरपेटी, पंपघर यांजवळ कोणीही जाऊ नये. आपल्या वाडीत वीज नाही याचा अर्थ तारेत वीज नाही असा होत नाही. दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू असू शकतो. शेजारच्या घरी चालविलेल्या जनित्राची वीज उलट दिशेने तारेत आलेली असू शकते. रोहित्रावरील स्विच उघडून तेथील फ्यूज काढल्याचे लाइनमनने स्वतः सांगेपर्यंत पेटीस हात लावू नये. सांगितल्यानंतरही आपला मुख्य स्विच बंद करावा, फ्यूजच्या पकडी काढून खिशात ठेवाव्यात आणि मगच कामास लागावे.

पुष्कळ शेतकऱ्यांनी स्टार्टरला वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे साधन बसविलेले असते. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून ही सोय त्यांनी केली, त्यात त्यांचा दोष नाही. परंतु पुरानंतर हेच साधन घातक ठरते. मोटारीत गाळ भरलेला असतो, मालक घरी असतो, पुरवठा पूर्ववत होतो आणि मोटार स्वतःच सुरू होऊन जळते. किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणी तिला हात लावून उभा असतो. मोबाइलवरून चालणाऱ्या स्टार्टरचेही तेच. ही साधने पूर येण्यापूर्वीच, आणि ते न जमल्यास पूर ओसरल्यावर सर्वांत आधी, सोडवून ठेवावीत.

सौर पंपांची संख्या आता वाढली आहे, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. महावितरणने पुरवठा बंद केला तरी सौर तावदाने बंद होत नाहीत. ऊन पडले की बुडालेल्या तारांतही शेकडो व्होल्टचा दाब उभा राहतो, आणि तो एकदिश प्रवाहाचा असल्याने त्याची ठिणगी लवकर विझत नाही. तावदाने जाड ताडपत्रीने झाकल्यावर अथवा सूर्यास्तानंतरच, तेही माहीतगार माणसाने, जोड सोडवावेत. तावदाने धुऊन बहुधा चालतात. बुडालेली नियंत्रक पेटी मात्र चालत नाही.

या वेळी गावपातळीवरील सेवकास एक साधे परंतु मोलाचे काम करता येते. पाणी उतरताच प्रत्येक पंपघराच्या भिंतीवर, खांबावर व रोहित्राच्या ओट्यावर पुराच्या पाण्याची ओली रेघ दिसते. ती पुढच्या पावसात धुऊन जाते. तत्पूर्वी तेलरंगाने तेथे ठळक खूण करून वर्ष लिहावे. नेमकी कोणती पेटी बुडाली व कोणती वाचली हे वायरमनला त्या रेघेवरून कळते, पंचनाम्यास आधार मिळतो, आणि पुढे स्टार्टर किती उंचीवर बसवावा याचा वादच राहत नाही. पंचनामा होण्यापूर्वी मोटार हलवावी लागली तर जागेवरचे छायाचित्र काढून ठेवावे.

गाळ हाच मुख्य शत्रू

कृष्णाखोऱ्याची काळी माती कापसाला चांगली, मोटारीला वाईट. तिचे कण अत्यंत बारीक असून ते पाणी धरून ठेवतात. जो गुण कोरडवाहू पिकाला तारतो तोच वाइंडिंगच्या तारांमध्ये बसला की ओल महिनोन्महिने सोडत नाही. ओल्या चिकणमातीतून वीज वाहते. शिवाय पुराच्या पाण्यात गटारे, खते, गुरांचे गोठे या साऱ्यांचा अंश मिसळलेला असतो. पाणी सुकले तरी त्यातील क्षार तारांवर राहतात आणि हवेतील दमटपणा पुन्हा ओढून घेतात. यास्तव पुरातून निघालेली मोटार आधी वाळविणे ही गफलत होय. ती आधी धुतली पाहिजे, आणि गाळ ओला असतानाच धुतली पाहिजे. एकदा तो सुकून खाचांत घट्ट बसला की काढताना तारेवरचे आवरण खरवडले जाते. कारागीर मिळण्यास चार दिवस लागणार असतील तर मोटार उघड्यावर सुकू देण्याऐवजी स्वच्छ पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेली बरी. ऐकण्यास हे विचित्र वाटेल, परंतु स्वच्छ पाण्यात मोटार जितकी खराब होते त्याहून सुकलेल्या गाळाने आणि उघड्या गंजाने ती अधिक खराब होते.

धुण्यासाठी मोटार संपूर्ण उघडावी. दोन्ही बाजूंची झाकणे, पंखा व रोटर काढावा. साध्या मोटारीत रोटर व स्टेटर यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचेही अंतर नसते. तेथे अडकलेला गाळ बाहेरून पाणी मारून निघत नाही. नळीने मंद धारेचे स्वच्छ पाणी सोडावे आणि मऊ ब्रशने वाइंडिंगची टोके धुवावीत. पाणी नितळ येईपर्यंत हे चालू ठेवावे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याचा मोह टाळावा. तो गाळ बाहेर काढण्याऐवजी खाचेत आणखी आत दडपतो. तारा पेट्रोल किंवा रॉकेलने धुणे हे आगीला आमंत्रण आहे आणि त्याने वॉर्निशही उतरते.

बेअरिंगच्या बाबतीत काटकसर करू नये. बुडालेल्या बेअरिंगमधील ग्रीस लोण्यासारखे पांढरट झालेले दिसते. त्यात पाणी मिसळल्याची ती खूण होय. धुऊन, नवे ग्रीस भरून ते फिरते, आवाजही करीत नाही. पण गोळ्यांवर गंजाचे बारीक ठिपके पडलेले असतात, आणि दोन-तीन महिन्यांनी ऐन छाटणीनंतर ते बेअरिंग दगा देते. रोटर मग स्टेटरला घासतो आणि वाळवून वाचविलेले वाइंडिंग हकनाक जाते. बुडालेली बेअरिंगे सरळ बदलावीत.

बोअरमधील पाणबुडी मोटार या सर्वांतून बहुतांशी सुटते, कारण ती पाण्यातच राहण्यासाठी बनविलेली असते. तिच्या बाबतीत दोष वर असतो: स्टार्टरच्या पेटीत, केबलच्या जोडात, किंवा पुराबरोबर बोअरमध्ये गेलेल्या गाळात. गाळयुक्त पाणी उपसताना पंपाचे पंखे झिजतात. म्हणून प्रथम व्हॉल्व्ह थोडा उघडून, पाणी नितळ येईतो मंद गतीने उपसा करावा.

वाळवणे

तासगावच्या शेतकऱ्यास वाळवण्याची विद्या शिकवावयास नको. बेदाण्याच्या शेडवर तो ती दरवर्षी करून दाखवितो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो न मोडता घड टांगले तर आतले पाणी बाहेर येण्यास फार काळ लागतो, म्हणून तो घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग तेलाच्या द्रावणात बुडवून काढतो आणि मग सावलीत, वाहत्या हवेत, पंधरवडाभर ठेवतो. मोटारीच्या तारेवर वॉर्निशचा थर असतो. पुराचे पाणी त्याच्या बारीक चिरांतून व खाचांतील कागदी अस्तरातून आत शिरते, आणि आल्या वाटेने सहजासहजी परत जात नाही. येथे थर मोडण्याचा उपाय अर्थातच नाही. सौम्य उष्णता, वाहती हवा आणि धीर ही तीनच साधने हाताशी आहेत.

बेदाणा होतो तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, हवा कोरडी असते. पूर येतो तेव्हा ती ओलीचिंब असते, आणि ऑगस्टच्या हवेत नुसती ठेवलेली मोटार बाहेरून सुकते, आतून नाही. परंतु तीच हवा दहा-अकरा अंशांनी तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे निम्मी होते. सारा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे.

वाइंडिंगच्या चांगल्या दुकानात भट्टी असते. तेथे रोटर काढलेला स्टेटर ठेवून उष्णतामान ९० अंश सेल्सिअसच्या आत राखले म्हणजे काम सुरळीत होते. भट्टी नसेल तर पत्र्याची वा लाकडी पेटी करावी. स्टेटर चार विटांवर उभा ठेवावा, पेटीस खाली हवा आत येण्यास फट व वर वाफ जाण्यास भोक ठेवावे, आणि आत हवा खेळविणारा लहान विद्युत हीटर अथवा तारेचे दिवे लावावेत. वरचे भोक बंद केले तर आत दमट हवा कोंडते आणि तीन दिवसांनीही मोटार ओलीच निघते. शेडला चारी बाजूंनी भिंती घातल्या तर बेदाण्याचे जे होईल तेच. दिवा गोणपाटास किंवा तारेस लागू नये, आणि पेटीजवळ माणूस हजर असावा.

उष्णतामान हळूहळू वाढवावे. पाणी १०० अंशांस उकळते. खाचेत अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली तर तिच्या दाबाने आवरण फुटते, म्हणून ९० ची मर्यादा सांगितली आहे. तिकाटण्यावर मोटार ठेवून खाली चूल पेटविणे, ब्लो लँपचा जाळ देणे, हे प्रकार आजही कोठे कोठे दिसतात. त्यांनी वरचे वॉर्निश करपते आणि आतली ओल तशीच राहते. मोटारीतूनच थोडा प्रवाह सोडून ती गरम करण्याचीही एक पद्धत आहे. ती अत्यल्प दाबाने, रोटर अडवून, कुशल कारागिरानेच करावयाची असते. शिवाय वाइंडिंग धुऊन बऱ्यापैकी कोरडे झाल्यानंतरच तिचा उपयोग करावा.

मेगर काय सांगतो

मोटार वाळली की नाही हे हातास कळत नाही, डोळ्यास दिसत नाही. ते सांगणारे उपकरण मेगर होय. तारा व मोटारीचे अंग यांमधील निरोधक आवरण विजेस किती अडविते ते हा दाखवितो. शेतीच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीस ५०० व्होल्टचा मेगर योग्य असतो. मोटारीस येणाऱ्या सर्व तारा सोडवाव्यात, टर्मिनलवरील पट्ट्या काढाव्यात, आणि प्रत्येक वाइंडिंग व अंग यांमध्ये, तसेच वाइंडिंग-वाइंडिंगमध्ये, एक मिनिट मेगर चालवून वाचन घ्यावे.

पहिले वाचन शून्याजवळ आले तर निराश होण्याचे कारण नाही. बुडालेल्या मोटारीचे ते तसेच यावयाचे. वाळवण सुरू केल्यावर दर दोन-तीन तासांनी वाचन घेऊन वेळ व उष्णतामानासह वहीत लिहावे. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मोटार तापू लागली की वाचन वाढण्याऐवजी आधी खाली येते. कित्येक कारागीर या ठिकाणी धीर सोडतात आणि तार काढून नवी भरण्याचा निर्णय घेतात. वस्तुतः हे वाळवण सुरू झाल्याचे लक्षण आहे: उष्णतेने आवरणाचा विरोध कमी होतोच, आणि आतली ओल सुटून पसरू लागते. काही तासांनी वाचन स्थिर होते, मग चढू लागते, आणि शेवटी एका पातळीवर येऊन थांबते. त्या वरच्या पातळीवर पाच-सहा तास वाचन हलले नाही म्हणजे मोटार वाळली. लहान मोटारीस भट्टीत एक दिवस पुरतो. घरगुती पेटीत दोन-तीन दिवस लागू शकतात.

किती वाचन पुरे? जुना ठोकताळा असा की, मोटारीचा दाब जितके किलोव्होल्ट, त्यात एक मिळविल्यास जो आकडा येईल तितके मेगओहम किमान असावेत. ४१५ व्होल्टच्या मोटारीस तो सुमारे दीड मेगओहम येतो. हल्ली अशा लहान मोटारींसाठी ४० अंश उष्णतामानाला पाच मेगओहमची अपेक्षा धरतात, आणि पुरातून निघालेल्या मोटारीस हाच कडक नियम लावणे इष्ट. वाचन गरम मोटारीचे की थंड मोटारीचे हे अवश्य पाहावे. दर दहा अंश वाढीस विरोध साधारण निम्मा होतो. म्हणून ८० अंशांवर दोन मेगओहम दाखविणारी मोटार ४० अंशांवर तीसच्या घरात जाते, आणि ती उत्तम होय. उलट, थंड असताना जेमतेम दोन दाखविणारी मोटार अजून ओली आहे असे समजावे. सहकारी उपशाच्या मोठ्या मोटारींस दहा मिनिटांचे वाचनही घेतात. ते एका मिनिटाच्या वाचनाच्या दुप्पट वा अधिक असावे. अशी मोटार माहीतगार अभियंत्याकडेच सोपवावी.

दोन-तीन दिवस नीट वाळवूनही काटा जागचा हलला नाही, अथवा एका वाइंडिंगचे वाचन इतर दोहोंपेक्षा अगदीच कमी राहिले, तर मात्र आवरण फुटले आहे. अशा मोटारीची तार नव्याने भरण्यात शहाणपण आहे. जी मोटार वाचली तिला गरम असतानाच वॉर्निशचा नवा हात द्यावा व पुन्हा वाळवावी.

मोठ्या प्रमाणावर हे काम होऊ शकते याचे दाखले आहेत. थायलंडमध्ये २०११ च्या पुरात कारखान्यांच्या वसाहतीच्या वसाहती कित्येक आठवडे पाण्याखाली राहिल्या. तेथील पुष्कळ यंत्रे धुऊन, वाळवून, तपासून पुन्हा चालविली गेली. आपल्याकडेही कारागिरांची वाण नाही. किर्लोस्करवाडी येथून जवळ असल्यामुळे या भागाचे नाव पंपाशी जोडले गेले आहे, आणि तालुक्याच्या गावी मोटार उघडून बसविणारी माणसे भरपूर आहेत. उणीव असते ती मेगरची. ग्रामपंचायतीने किंवा सहकारी पाणीपुरवठा संस्थेने एक मेगर घेऊन ठेवला तर तो साऱ्या गावास उपयोगी पडेल, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचे शिक्षण घेतलेला गावचा एखादा तरुण त्याचा वापर करू शकेल.

जे वाचवू नये

मोटारीस जो नियम तो पेटीतील वस्तूंस लागू नाही. मोटार उघडता येते, धुता येते, तपासता येते. बंद प्लॅस्टिकच्या कोशात असलेला स्वयंचलित ब्रेकर उघडता येत नाही. आतील स्प्रिंग गंजली की तो नेहमीप्रमाणे चालू-बंद होतो, पण प्रसंगी तुटावयाचा तेव्हा तुटत नाही. बुडालेले ब्रेकर, जमिनीत वीज गळताच पुरवठा तोडणारे रक्षक स्विच, ओव्हरलोड रिले, एक फेज गेल्यास मोटार थांबविणारे साधन, कपॅसिटर, तसेच ठिबक व खत सोडण्याची विद्युत नियंत्रणे यांस पुन्हा वीज देऊन पाहूही नये; ती बदलावीत. चिनीमातीच्या फ्यूज-पकडी मात्र धुऊन, वाळवून, तांब्याचे स्पर्शबिंदू चकचकीत करून व नवी तार घालून चालतात.

जुन्या तेलाच्या स्टार्टरविषयी विशेष सावध राहावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि वरून पाहता तेल स्वच्छच दिसते. ते तेल संपूर्ण टाकून द्यावे, टाकी पुसून कोरडी करावी, स्पर्शबिंदू पाहावेत, कॉइल मेगरने तपासावी आणि नवे तेल भरावे. केबलचे उघडे टोक पाण्यात राहिले असेल तर पाणी तारांच्या पेडातून वातीतल्या तेलाप्रमाणे आत चढते. टोक हात-दीडहात कापून पाहावे. तांबे काळे दिसेल तर चकचकीत तार लागेपर्यंत आणखी कापावे. केबलचे भूमिगत जोड उघडून नव्याने करावेत. रोहित्राचे काम महावितरणचे आहे. त्यातील तेल तपासल्यावाचून ते भारित होऊ नये, म्हणून पाणी कोठवर चढले होते ते शाखा अभियंत्यास लेखी कळवावे. लवकर वीज मिळावी म्हणून स्वतःच फ्यूज घालणाऱ्या उत्साही मंडळींस गावाने वेळीच आवरावे.

चाचणी

मोटार बसविण्यापूर्वी अर्थिंग पाहावे. पुराने खड्डा गाळाने भरतो, पट्टी तुटते, जोड गंजतात; आणि गाळ ओला असेतो सारे ठीक वाटून उन्हाळ्यात दोष उघड होतो. पंपाचे ग्लँड-पॅकिंग बदलावे, फूटव्हॉल्व्हमधील गाळ काढावा, आणि शाफ्ट हाताने सहज फिरतो की नाही ते पाहावे.

पुरवठा आला की प्रथम व्होल्टमीटरने तिन्ही फेजमधील दाब मोजावा. नव्याने जोडलेल्या तारांत फेजची अदलाबदल झालेली असणे सामान्य आहे. तेव्हा मोटार उलटी फिरेल. म्हणून शक्य असल्यास ती पंपापासून सोडवून क्षणभर फिरवून दिशा पाहावी. मोनोब्लॉक असल्यास पंपात पाणी भरून मगच तसे करावे. उलटी असल्यास दोन तारा बदलाव्यात. मग व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून सुरू करावी व तो हळूहळू उघडावा. अँपिअरमीटरचे वाचन तिन्ही फेजवर जवळजवळ सारखे असावे. पूर्ण भारावर तीन फेजच्या मोटारीस प्रत्येक अश्वशक्तीमागे साधारण दीड अँपिअर लागतो. पाच अश्वशक्तीची मोटार साडेसातच्या आसपास घेईल. मोटारीच्या पाटीवरील आकड्यापेक्षा वाचन अधिक दिसल्यास तत्काळ बंद करावी. दोनच फेज आल्या असता कंडेन्सर लावून मोटार ओढण्याची सवय पुष्कळांस आहे. नुकत्याच वाळविलेल्या वाइंडिंगवर हा ताण पहिल्या हंगामात तरी मुळीच देऊ नये.

पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे चालवून मग नेहमीचा वापर सुरू करावा. पंधरा दिवसांनी, मोटार थंड असताना, पुन्हा एकदा मेगर लावावा आणि वाचन त्याच वहीत पहिल्या वाचनांखाली लिहावे. आकडा घसरला असेल तर खाचेत कोठेतरी गाळ राहिला आहे. मोटार उघडून पुन्हा धुण्यास छाटणीपूर्वी अजून वेळ असतो.